पिवळे डोळे, निरोगी यकृत: तांबड्या पेशीच्या पटलाचे एक प्रकरण

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातली तेरा वर्षांची मुलगी. तक्रारी तशा जुन्याच होत्या. लवकर दमते, शाळेचे दोन जिने चढले की धाप लागते, वयाच्या मानाने उंची कमी, आणि डोळ्यांत एक पिवळी झाक, जी कधी वाढते, कधी फिकी होते, पण पूर्णपणे जात नाही. नवीन होते ते पोटातले दुखणे. उजव्या बरगडीखाली कळ येऊन उलट्या झाल्या म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताशयात बारीक बारीक खडे निघाले आणि प्लीहा (स्प्लीन) बरगडीखाली चार बोटे उतरलेली दिसली.

पित्ताशयातले खडे चाळिशीतल्या माणसात सापडले तर कोणी फारसा विचार करत नाही. तेरा वर्षांच्या मुलीत सापडले, तर ते कशाचे बनले आहेत हे विचारायलाच हवे. लहान वयातले खडे बहुधा बिलिरुबिनचे असतात, आणि बिलिरुबिन येते तांबड्या पेशी मोडल्यावर त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून. सर्जनने शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी रक्त नीट पाहून घ्यायचे ठरवले आणि नमुना माझ्याकडे आला. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जुनी फाइल

आई सोबत एक जाड फाइल घेऊन आली होती. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी कावीळ, म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवले. चौथ्या वर्षी कावीळ, सहाव्या वर्षी कावीळ. दर वेळी निदान एकच: पाण्यातून आलेली कावीळ. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या शहरांत दूषित पाण्याने कावीळ पसरते, त्यामुळे हा अंदाज अगदी अवाजवी नव्हता. घरी हळद आणि तेल बंद झाले, उसाचा रस झाला, गळ्यात काविळीची माळ घालून झाली. नवव्या वर्षी ताप आला आणि मुलगी चार-पाच दिवसांत पांढरीफटक पडली. हिमोग्लोबिन ४.९ पर्यंत उतरले आणि रक्त चढवावे लागले. त्यानंतर चार वर्षे लोहाचे टॉनिक चालू होते.

या चार वर्षांत आईने काय ऐकले, तेही नोंदवायला हवे, कारण चुकीच्या निदानाची किंमत फक्त रुग्ण मोजत नाही. पोरीला नीट खायला घालत नाहीस, बीट-खजूर देत नाहीस, तुझ्यामुळे ती सुकली, हे घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी तिला सुनावले होते.

फाइलमध्ये एक गोष्ट मात्र दर वेळी लिहिलेली होती आणि कोणाच्या नजरेत भरली नव्हती: एसजीपीटी सामान्य. यकृताला विषाणूने सूज आली की यकृताच्या पेशी फुटतात आणि हे विकर (एन्झाइम) रक्तात शेकड्यांनी, कधी हजारांनी वाढते. इथे ते २० ते ३० च्या आसपासच फिरत होते. आईला लघवीचा रंग विचारला. "डोळे पिवळे व्हायचे, पण लघवी कधी गडद नाही झाली. मी बघायचे ना दर वेळी." हे निरीक्षण फार मोलाचे होते. यकृतातून प्रक्रिया होऊन आलेले बिलिरुबिन पाण्यात विरघळते आणि लघवीत उतरते. तांबड्या पेशी मोडून नुकतेच तयार झालेले बिलिरुबिन मात्र रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून असते. मूत्रपिंडातून ते गाळले जात नाही.

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "अहो डॉक्टर, हिचे डोळे बापावर गेलेत. त्याचेही लहानपणी असेच पिवळे असायचे. आम्हाला वाटायचं उष्णता आहे." वडील बाहेर बाकावर बसले होते. त्यांना आत बोलावून शर्ट वर करायला सांगितला. उजव्या बाजूला जुना वण होता. एकोणतिसाव्या वर्षी पित्ताशय काढले होते, खड्यांसाठी.

काचपट्टी

आकडे असे आले. हिमोग्लोबिन ८.४. पेशीचे सरासरी आकारमान ७९ फेम्टोलिटर, म्हणजे जवळजवळ सामान्य. पण पेशीतले हिमोग्लोबिनचे प्रमाण, ज्याला अहवालात एमसीएचसी म्हणतात, ते ३७.१. कोवळ्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, १२ टक्के. निरोगी माणसात त्या दोन टक्क्यांच्या आत असतात. एकूण बिलिरुबिन ४.८, त्यातले प्रक्रिया झालेले फक्त ०.५. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन २६०. अर्थात लोहाची कमतरता नव्हतीच.

अस्थिमज्जा भराभर नवीन पेशी बनवत होती आणि शरीरात कुठेतरी त्या तितक्याच भराभर मोडल्या जात होत्या. प्रश्न होता, का?

या आकड्यांत माझे लक्ष सगळ्यात आधी एमसीएचसीकडे गेले. लोहाच्या कमतरतेत आणि थॅलसेमियात ते सहसा कमी होते, बहुतेक इतर आजारांत जागच्या जागी राहते. ते ३६ च्या वर जाणे दुर्मिळ असते. कधी यंत्राची गफलत असते, पण ती वगळली तर एकच अर्थ उरतो: पेशीच्या आतला माल तितकाच आहे आणि त्याला मिळालेली जागा आक्रसली आहे.

काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. निरोगी तांबडी पेशी ही दोन्ही बाजूंनी खोलगट चकती असते, सुमारे साडेसात मायक्रॉन व्यासाची, आणि मधला भाग पातळ असल्यामुळे तो फिका दिसतो. इथे ठिकठिकाणी लहान, गच्च, एकसारख्या गडद रंगाच्या गोल पेशी दिसत होत्या. मध्ये फिकेपणा अजिबात नाही. या पेशींना स्फेरोसाइट म्हणतात.

वडोदऱ्यात तांबड्या पेशी मोडत असलेले मूल समोर आले की आधी दोन आजार आठवतात. पूर्वेकडच्या आदिवासी पट्ट्यामुळे सिकल सेल, आणि गुजरातभर तपासला जाणारा थॅलसेमिया. दोन्हीत दोष हिमोग्लोबिनमध्ये असतो. जी६पीडीच्या कमतरतेत दोष एका विकरात असतो. म्हणजे तिन्हींत बिघाड पेशीच्या आतल्या ऐवजाचा. तिन्ही तपासण्या केल्या आणि तिन्ही निर्दोष आल्या. स्वतःच्याच प्रतिपिंडांनी पेशींवर हल्ला केला तरी स्फेरोसाइट तयार होतात, म्हणून कूम्ब्स चाचणी केली. तीही नकारात्मक. आता संशयाला एकच जागा उरली होती: पेशीचे आवरण, पेशीपटल.

खाऱ्या पाण्याच्या नळ्या

पेशीपटल तपासायची एक जुनी, स्वस्त आणि मला अतिशय आवडणारी चाचणी आहे. १९०७ मध्ये शोफार या फ्रेंच वैद्याने याच आजारात ती वापरून दाखवली. नळ्यांची एक रांग घ्यायची. पहिलीत ०.९ टक्के मिठाचे पाणी, पुढे प्रत्येक नळीत थोडे थोडे कमी, शेवटी साधे पाणी. प्रत्येकीत रक्ताचे थेंब टाकायचे आणि कोणत्या नळीपासून पेशी फुटून पाणी लाल होते ते बघायचे.

०.९ टक्क्यांत आत-बाहेर समतोल असतो. मीठ कमी झाले की परासरणाने पाणी पेशीत शिरते. हे पाणी पटलातून जाते तरी कसे, हा प्रश्न बरीच वर्षे अर्धवट सुटलेला होता. मेदाच्या थरातून थोडे पाणी झिरपते, पण तांबड्या पेशीत ते ज्या वेगाने शिरते त्याचा हिशोब तेवढ्याने लागत नव्हता. पीटर आग्रे यांनी १९८८ मध्ये तांबड्या पेशींच्या पटलातून एक अनोळखी प्रथिन वेगळे केले, आणि १९९२ मध्ये ते पाण्याचीच वाट आहे हे सिद्ध झाले. त्याला अ‍ॅक्वापोरिन हे नाव मिळाले. एका वाटेतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू एका रांगेत जातात आणि तरी हायड्रोजनचा आयन मात्र निसटू शकत नाही. २००३ मध्ये आग्रे यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हेच आग्रे त्याआधी आमच्या या मुलीला झालेल्या आजारावर काम करत होते. १९८२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या आजाराच्या तीव्र प्रकारात पटलाखालचे एक प्रथिन कमी पडते हे दाखवले होते. त्या प्रथिनाकडे लवकरच येते.

तर पाणी आत शिरते. निरोगी पेशी लगेच फुटत नाही, कारण तिच्याकडे आवरण शिलकीत असते. हा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. पेशीचे आकारमान सुमारे ९० घन मायक्रॉन. एवढाच ऐवज गोलात भरायचा तर सुमारे ९७ चौरस मायक्रॉन आवरण पुरते. प्रत्यक्षात निरोगी पेशीचे आवरण १३५ ते १४० चौरस मायक्रॉन असते, म्हणजे गरजेपेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त. म्हणूनच ती चपटी राहू शकते, वाकू शकते, दुमडू शकते. पाणी शिरत जाते तशी ही शिल्लक वापरली जाते, चकतीचा गोल होतो, आणि त्यानंतर मात्र पटलाला ताणले जाण्याशिवाय पर्याय नसतो. मेदाचा दुहेरी थर वाकायला अतिशय सोपा आहे, पण ताणायला नाही. क्षेत्रफळ तीन-चार टक्के वाढले की तो फाटतो.

निरोगी रक्त साधारण ०.५ टक्क्यांपासून फुटू लागते आणि ०.३ च्या आसपास सगळे फुटून जाते. मुलीचे रक्त ०.६५ लाच फुटू लागले. तोच नमुना चोवीस तास ३७ अंशांवर ठेवून पुन्हा चाचणी केली, तेव्हा ते ०.७५ वर गेले. तिच्या पेशींकडे आवरणाची शिल्लकच उरली नव्हती.

वडिलांचा नमुनाही लावला. त्यांचा आलेख मधोमध आला.

कापड आणि सांगाडा

आवरण गेले कुठे, हे समजण्यासाठी ते बनले कशाचे आहे हे पाहावे लागते.

पाया फॉस्फोलिपिडचा. या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या पाणी टाळतात. पाण्यात असे रेणू भरपूर सोडले की ते आपोआप दोन थरांत रचले जातात, डोकी बाहेर, शेपट्या आत. या रचनेसाठी पेशीला वेगळी ऊर्जा खर्च करावी लागत नाही. थराची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडसारखे छोटे, विद्युतभार नसलेले रेणू यातून सहज जातात. सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज यांना स्वतःहून जाता येत नाही. शेपट्यांच्या मध्ये कोलेस्टेरॉल बसलेले असते. तांबड्या पेशीत त्याची रेणूसंख्या जवळपास फॉस्फोलिपिडइतकीच असते, आणि पटल फार पातळही होऊ नये, फार घट्टही होऊ नये, हे काम ते करते.

हा थर दुहेरी आहे हे पहिल्यांदा कळले तेही तांबड्या पेशीवरूनच. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी मोजून घेतलेल्या तांबड्या पेशींतला मेद अ‍ॅसिटोनने काढला आणि तो पाण्यावर एकेरी थरात पसरवला. पसरलेले क्षेत्रफळ पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. प्रत्यक्षात त्यांचा मेद पूर्ण निघाला नव्हता, आणि वाळलेल्या पेशी मोजल्यामुळे पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन्ही त्रुटींनी एकमेकींना खोडले आणि उत्तर बरोबर आले. तरीही त्यांची निवड अचूक होती असे मला वाटते. माणसाच्या प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, आत कुठलेही दुसरे पटल नाही. काढलेला सगळा मेद एकाच आवरणाचा, हे इथेच ठामपणे म्हणता येते.

पण मेद ही अर्धीच गोष्ट आहे. तांबड्या पेशीच्या पटलाचे सुमारे निम्मे वजन प्रथिनांचे असते. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेले चित्र आजही शाळेत शिकवले जाते: मेदाचा प्रवाही थर आणि त्यात रुतलेली, सरकू शकणारी प्रथिने. चित्र बरोबर आहे. दोनच वर्षे आधी फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडून दाखवली होती, आणि सुमारे चाळीस मिनिटांत दोघींची प्रथिने पृष्ठभागावर मिसळून गेली होती. मात्र हे चित्र पाहून विद्यार्थ्याचा असा समज होतो की पटल म्हणजे एक तरंगता थर आणि त्याखाली काहीच नाही. या मुलीचा आजार नेमका त्या 'खाली' आहे.

नवरात्रात गरब्यासाठी मांडव घालतात, तेव्हा कापडाला स्वतःचा आकार नसतो. खाली बांबूचा सांगाडा असतो आणि कापड जागोजागी दोऱ्यांनी त्याला बांधलेले असते. तांबड्या पेशीत हा सांगाडा स्पेक्ट्रिन नावाच्या लांब, लवचिक प्रथिनाचा. १९६८ मध्ये मार्केसी आणि स्टीअर्स यांनी ते वेगळे केले. त्याचे धागे अ‍ॅक्टिनच्या आखूड तुकड्यांवर एकत्र येतात, बहुतेक ठिकाणी सहा-सहा, आणि पटलाच्या आतल्या बाजूला षटकोनी जाळे तयार होते. आणि दोऱ्या? मुख्य दोरी अँकायरिन. तिचे एक टोक स्पेक्ट्रिनला धरते, दुसरे बँड ३ या प्रथिनाला, जे मेदाच्या थरातून आरपार गेलेले असते.

बँड ३ चे रोजचे काम वेगळेच आहे. एका पेशीत त्याच्या सुमारे दहा लाख प्रती असतात, आणि त्या बायकार्बोनेट बाहेर सोडून क्लोराइड आत घेतात. ऊतींमधला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसापर्यंत नेण्यातला मोठा वाटा या देवाणघेवाणीचा. म्हणजे जे प्रथिन श्वासाच्या कामाला आहे, तेच आवरण धरून ठेवायलाही आहे. पेशीपटलाची रचना आणि कार्य ही दोन प्रकरणे वेगवेगळी शिकवली जातात, ते मला पटत नाही ते यामुळे.

अँकायरिन, बँड ३, स्पेक्ट्रिन किंवा प्रोटीन ४.२, यांपैकी एखाद्याच्या जनुकात दोष असला की उभ्या दोऱ्या कमी पडतात. जिथे मेदाच्या थराला खालून आधार नाही तिथला भाग सूक्ष्म फुगवट्याच्या रूपाने सुटून जातो. आतले हिमोग्लोबिन मात्र जवळजवळ सगळे मागे राहते. असे तुकडे सुटत राहिले की आवरण घटते, ऐवज तसाच राहतो, आणि चकतीचा गोल होतो. त्यातच अशा पेशीतून पोटॅशियम आणि पाणीही जास्त निसटते. एमसीएचसी ३७.१ होते ते यामुळे.

निदान पक्के करण्यासाठी नमुना मुंबईला ईएमए चाचणीला पाठवला. ईएमए हा चमकणारा रंग मुख्यतः बँड ३ ला चिकटतो. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या तपासणीत, पेशींची चमक कमी भरली की बँड ३ कमी आहे किंवा सुटून गेला आहे असे कळते. मुलीची चमक स्पष्टपणे कमी होती. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस. कोणत्या जनुकात बिघाड आहे हे शोधणारी तपासणी करू नका, असे मी सांगितले. तिला पैसे लागतात, आणि या घरात तिच्या उत्तराने उपचार बदलणार नव्हता.

प्लीहेतली फट

हिच्या पेशी ऑक्सिजन व्यवस्थित नेतात. मग त्या मरतात का? कारण त्यांना वाकता येत नाही, आणि शरीरात एक जागा अशी आहे जिथे वाकता न येणाऱ्या पेशीला वाट मिळत नाही.

प्लीहेत रक्ताचा काही भाग केशवाहिन्यांतून बाहेर पडून उघड्या ऊतीत येतो आणि पुन्हा शिरेत जायचे तर त्याला भिंतीतल्या फटींतून घुसावे लागते. या फटी जेमतेम एक मायक्रॉन रुंद असतात. साडेसात मायक्रॉनची चकती त्यातून दुमडून, लांबून पार होते, कारण तिच्याकडे शिलकीचे आवरण आहे. गोल पेशी तिथेच अडकते. अडकलेल्या पेशींच्या गर्दीत ग्लुकोज कमी पडते. तांबड्या पेशीला ऊर्जा मिळवायचा ग्लुकोजशिवाय दुसरा मार्ग नाही, आणि ऊर्जा नसली की तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेणारा पंपही मंदावतो. पटलाचे आणखी तुकडे सुटतात. शेजारीच भक्षक पेशी बसलेल्या असतात. १२० दिवस जगणारी पेशी काही आठवड्यांतच संपते. चोवीस तास उबेत ठेवलेल्या नमुन्यात जे घडले, तेच प्लीहेत रोज घडत असते.

नवव्या वर्षीच्या त्या घटनेबद्दलही आता अंदाज बांधता येतो. पार्व्होव्हायरस बी१९ हा विषाणू लहान मुलांत किरकोळ ताप आणि गालांवर लाली आणून जातो. पण तो अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनवणाऱ्या कोवळ्या पेशींत शिरतो, आणि शिरतो तेही त्यांच्या पटलावरच्या एका शर्करायुक्त मेदाला, पी अँटिजेनला, धरून. ज्या विरळ माणसांत हा रेणूच नसतो, त्यांना या विषाणूची लागण होत नाही. लागण झाली की आठवडाभर नवीन तांबड्या पेशी बनणे थांबते. निरोगी मुलाच्या पेशी १२० दिवस पुरत असल्याने ही सुट्टी जाणवतही नाही. जिच्या पेशी मोजके आठवडेच जगतात, तिचे हिमोग्लोबिन कोसळते. मुलीच्या रक्तात या विषाणूविरुद्धची जुनी प्रतिपिंडे सापडली. तेवढ्याने सिद्ध काही होत नाही, कारण ती पुष्कळ लोकांत सापडतात. आणि त्या वेळचा रेटिक्युलोसाइटचा आकडा फाइलमध्ये नव्हता. तो एक आकडा असता तर निदान चार वर्षे आधी झाले असते, असे मला ठामपणे वाटते.

वडिलांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती डॉक्टरांच्याही लक्षातून सुटते. त्यांचे हिमोग्लोबिन १२.६, रेटिक्युलोसाइट ६ टक्के, आजार सौम्य. पण ते मधुमेहासाठी दर सहा महिन्यांनी फक्त एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, करून घेत होते. तो ५.१ यायचा आणि सगळे निश्चिंत. उपाशीपोटी साखर पाहिली तर १४८. पुन्हा पाहिली, तशीच. तांबड्या पेशीच्या पटलातली ग्लुकोजची वाट कायम उघडी असते. आत आलेले ग्लुकोज हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते, आणि पेशी १२० दिवस जगणार हे गृहीत धरून एचबीए१सी वाचला जातो. पेशी लवकर मेली तर चिकटायला वेळच मिळत नाही. या घरात हा आकडा वापरू नये, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिले.

निर्णय

घरच्यांना बसवून सगळे सांगितले. आजींचा पहिला प्रश्न लग्नाचा होता. हिच्या मुलांनाही होईल का? आजार बहुतेक घरांत प्रभावी पद्धतीने उतरतो, म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. पण निदान माहीत असलेले मूल पहिल्या दिवसापासून नीट सांभाळता येते, हेही सांगितले. आजी काही वेळ गप्प बसल्या आणि मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे खाण्यापिण्याचं काही नव्हतं यात." मी म्हणाले, नव्हतंच. आणि आता याचा दोष तुमच्या मुलाकडेही ढकलू नका.

लोहाचे टॉनिक त्याच दिवशी बंद केले, फॉलिक अ‍ॅसिड सुरू केले. रोज अब्जावधी पेशी जास्तीच्या बनवणाऱ्या मज्जेला ते लागते.

प्लीहा काढावी का, यावर मतभेद होऊ शकतात. सौम्य आजारात ती ठेवलेलीच बरी, कारण रक्तातले न्यूमोकॉकससारखे जंतू गाळण्याचे तिचे काम दुसरे कोणी तितके चांगले करत नाही, आणि ती नसली की जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. सहा वर्षांच्या आत तर शक्यतो हात लावत नाहीत. इथे हिमोग्लोबिन सतत आठच्या आसपास, वाढ खुंटलेली, पित्ताशय खड्यांनी भरलेले आणि त्यासाठी भूल द्यावी लागणारच होती. सर्जन, बालरोगतज्ज्ञ आणि मी, तिघांचेही मत पडले की दोन्ही एकाच वेळी दुर्बिणीतून काढावे. त्याआधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लशी देऊन दोन आठवड्यांहून अधिक थांबलो. खडे काळे, चुरा होणारे निघाले.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १३.१, बिलिरुबिन ०.९, रेटिक्युलोसाइट २ टक्के. काचपट्टीवर मात्र गोल पेशी तशाच होत्या. शस्त्रक्रियेने पटल दुरुस्त झालेले नाही. फक्त त्या पेशींना अडवणारी फट उरलेली नाही. विद्यार्थ्यांना मी या दोन काचपट्ट्या, आधीची आणि नंतरची, शेजारी शेजारी दाखवते. आजार बरा झाला का, असे विचारले की वर्गात खरी चर्चा सुरू होते.

मुलगी रोज पेनिसिलिन घेते. तिच्याजवळ एक कार्ड असते: प्लीहा नाही, ताप आल्यास घरी वाट न पाहता तातडीने रुग्णालयात न्यावे, मलेरियाची तपासणी करावी, प्राणी चावल्यास लगेच दाखवावे.

धाकट्या भावाचेही रक्त तपासले. वय आठ, हिमोग्लोबिन ११.२, रेटिक्युलोसाइट ५ टक्के, काचपट्टीवर स्फेरोसाइट. त्याला सध्या शस्त्रक्रियेची गरज नाही. फॉलिक अ‍ॅसिड, वर्षातून एकदा पोटाची सोनोग्राफी, आणि आईच्या हातात एक चिठ्ठी, कोणत्याही डॉक्टरांना दाखवता येईल अशी: याला आनुवंशिक स्फेरोसायटोसिस आहे, तापात अचानक फिका पडला तर हिमोग्लोबिनसोबत रेटिक्युलोसाइट मोजा, आणि फेरिटिन पाहिल्याशिवाय लोह देऊ नका.